टर्बोच्या गाडीला कोणते ऑइल?

(जिल्हा बैठकीत केलेल्या मांडणीचा मजकूर)



जिल्ह्याच्या बैठकीत कापूस आणि ज्वारी सोडून मोबिल ऑइलवर बोलायला उभे राहिलो, तर काही जण हसतील. हसू द्या. गेल्या दोन-तीन बैठकांत मुख्य विषय संपला, की चहाच्या वेळी आमच्याभोवती घोळका जमतो आणि प्रश्न एकच असतो. गाडीत ऑइल कोणते टाकावे? टर्बो गेला म्हणतात, तो गेला कशाने? मिस्त्री एक सांगतो, दुकानदार दुसरे सांगतो, शोरूमवाला तिसरेच. चहाचा कप हातात धरून याचे उत्तर देता येत नाही, म्हणून आज सवड मागून घेतली.

आम्ही म्हणजे कोणी इंजिनिअर नव्हे. शेती करणारी माणसे, आणि आमच्यातले दोघे गॅरेज चालवतात. जे हाताने उघडून पाहिले आणि जे कागदावर वाचून ताडून घेतले, तेवढेच सांगतो.

पहिली गोष्ट, हा प्रश्न आताच का आला? पूर्वी आपल्या गावात ज्या कमांडर, मार्शल जीपगाड्या होत्या, त्यांच्या बहुतेक डिझेल इंजिनांना टर्बो नव्हता. ती इंजिने गावरान बैलासारखी. काहीही घाला, पचवायची. ट्रॅक्टरचे उरलेले ऑइल ओतले तरी चालायची, दोन वर्षे बदलले नाही तरी कुरकुरत का होईना चालायची. मग २००० साली बोलेरो आली, २००२ साली स्कॉर्पिओ आली, २००७ साली स्विफ्टचे डिझेल आले. आज गावात सेकंडहँड म्हणून जी डिझेल गाडी येते, तिला टर्बो असतोच असे धरून चाला. गाडी बदलली, पण आपली सवय जीपचीच राहिली. भांडण सारे इथे आहे.

आता हिशेब मांडू, कारण हिशेबाशिवाय आपल्याला काही पटत नाही आणि पटूही नये. टर्बो बदलायचा म्हणजे गाडीप्रमाणे वीस-पंचवीस हजारांपासून पुढे, मजुरी, पाइप, ऑइल धरून तीस हजार सहज लागतात. २०२५-२६ च्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,७१० रुपये क्विंटल जाहीर झाला. तो हातात पडतो का, हा वेगळा विषय, आज त्यात शिरत नाही. पडला असे धरले तरी तीस हजार म्हणजे चार क्विंटल कापूस. कोरडवाहूत एकरी चार-पाच क्विंटल निघाला तर आपण बरे साधले म्हणतो. म्हणजे एक टर्बो म्हणजे एक एकर. पेरणी, निंदणी, फवारणी, वेचणी, सगळ्या एकराचे उत्पन्न एका मुठीएवढ्या चक्रापायी. आणि दुसऱ्या बाजूला योग्य ऑइल आणि स्वस्त ऑइल यांच्यातला फरक पाच लिटरच्या डब्यामागे फार तर दीड-दोन हजारांचा. काही गाड्यांना तर योग्य ऑइल हेच स्वस्त ऑइल असते, तेही पुढे सांगू.

टर्बो म्हणजे काय, ते समजल्याशिवाय ऑइल समजणार नाही. एका बारीक दांड्याच्या दोन टोकांना दोन चक्रे. इंजिनातून सायलेन्सरकडे जाणारा गरम धूर एका चक्राला फिरवतो. त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा ओढते, दाबते आणि इंजिनात भरते. हवा जास्त गेली, की डिझेल जास्त जाळता येते आणि लहान इंजिनातून मोठी ताकद निघते. वाया जाणाऱ्या धुराला कामाला लावायची ही युक्ती काही नवी नाही. आल्फ्रेड ब्युखी नावाच्या स्वित्झर्लंडच्या इंजिनिअरने १९०५ सालीच तिच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. आपल्या दारात यायला तिला शंभर वर्षे लागली.

घरातला छताचा पंखा मिनिटाला तीनशे-साडेतीनशे फेरे घेतो. डिझेल इंजिन जोरात पळवले तर चार हजार. टर्बोचा दांडा घेतो एक लाखाच्या वर, आणि लहान गाड्यांतला छोटा टर्बो तर दोन लाखांपर्यंत जातो. मिनिटाला दोन लाख! शिवाय त्याच्या एका टोकाला डिझेल गाडीत सातशे-आठशे अंश, पेट्रोल गाडीत नऊशे-हजाराच्या घरातला धूर लागतो. एवढ्या वेगाला आणि उष्णतेला आधार कशाचा? बहुतेक गाड्यांच्या टर्बोत छर्ऱ्यांचे बेअरिंग नसते. पितळेसारख्या धातूचे साधे बुश असते, आणि दांडा व बुश यांच्यामध्ये केसापेक्षाही पातळ असा ऑइलचा थर. दांडा बुशला टेकत नाही, तो ऑइलवर तरंगतो. म्हणजे ऑइल हेच बेअरिंग. वर आणखी त्याच ऑइलने त्या भागाची उष्णता वाहून न्यायची. हे एवढे ध्यानात ठेवले तर पुढचे सगळे आपोआप कळते.

बैलगाडीच्या आखाला वंगण नसले तर ती ओरडते, पण बाजाराला पोचते. जुन्या लोकांना आठवत असेल, गाडीखाली वंगणाचे नळकांडे टांगलेले असायचे आणि त्यात एरंडेल. गंमत म्हणजे मोटारीच्या ऑइलचीही ओळख एरंडीशी आहे. कॅस्ट्रॉल हे नाव १९०९ साली पडले ते ‘कॅस्टर’वरून, आणि कॅस्टर म्हणजे आपल्या बांधावरचा एरंड. त्या काळी त्या ऑइलात एरंडेल घातलेले असायचे. पण आखाला जे चालते ते टर्बोला चालत नाही. टर्बोला काही सेकंद ऑइल पोचले नाही, तर दांडा बुशला घासतो, आणि एकदा घासला, की पुढच्या प्रत्येक फेऱ्याला तो थोडा थोडा झिजतच जातो.

आता डब्याकडे येऊ. दुकानात गेलो, की आपण काय विचारतो? “चांगल्या कंपनीचे ऑइल द्या.” इथेच आपण फसतो. खत घेताना आपण असे विचारतो का? आपण म्हणतो, अठरा-शेहेचाळीस द्या, दहा-सव्वीस-सव्वीस द्या. आकडा मागतो. तो आकडा कंपनीचा नसतो, आत काय आहे त्याचा असतो. कपाशीला कोणत्या वेळी कोणता आकडा हे आपल्याला पाठ आहे, आणि आकडा मोठा म्हणजे खत भारी असे कोणी म्हटले तर आपण त्याला वेड्यात काढू. ऑइलच्या डब्यावरही असेच आकडे असतात. त्यात दोन ओळी महत्त्वाच्या. एक ओळ ऑइलच्या जाडी-पातळपणाची, दुसरी त्याच्या प्रतीची. कंपनीचे नाव सर्वो असो, मॅक असो, एचपी असो की परदेशी असो, ते या दोन ओळींच्या नंतर.

पहिली ओळ अशी असते: १५डब्ल्यू-४०, किंवा ५डब्ल्यू-३०, किंवा ५डब्ल्यू-४०. डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतले वागणे सांगतो, जितका लहान तितके ऑइल थंडीत लवकर वाहते. १५डब्ल्यूची थंडीतली एक परीक्षा उणे २० अंशांवर घेतात, ५डब्ल्यूची उणे ३० अंशांवर. नंतरचा आकडा गरम इंजिनातली जाडी सांगतो, आणि ती मोजतात १०० अंशांवर. ४० चे ऑइल ३० च्या ऑइलपेक्षा १०० अंशांवर जाड. एवढाच त्याचा अर्थ. ४० म्हणजे ३० पेक्षा भारी, असा मुळीच नाही.

इथे आपल्या भागातला सर्वांत पक्का गैरसमज येतो, त्यावर जरा थांबू. लोक म्हणतात, आपल्याकडे मे महिन्यात ४५-४६ अंश ऊन, इथे उणे वीसचे काय काम? पातळ ऑइल थंड मुलखातल्या लोकांचे, आपल्याला जाडच पाहिजे. ऐकायला बरोबर वाटते. पण इंजिनाच्या आत बघा. इंजिनाच्या पाण्याला थर्मोस्टॅट नावाचा दरवाजा असतो. तो पाणी नव्वद अंशांच्या आसपास राखतो, मग बाहेर डिसेंबर असो की मे. ऑइलही गरम झाल्यावर शंभर, भार असेल तर एकशेवीसपर्यंत जाते. रेडिएटर साफ आहे, पंखा चालतो, तर बाहेरच्या उन्हाचे वीस अंश ऑइलपर्यंत फारसे पोचतच नाहीत. आणि टर्बोच्या दांड्याला जी उष्णता लागते ती सातशे अंशांच्या धुराची. तिच्यापुढे आपल्या उन्हाची काय मातब्बरी!

उलट जाड ऑइलचा तोटा पहाटे होतो. रात्रभर उभ्या गाडीतले ऑइल सगळे खाली उतरलेले असते. सेल्फ मारला, की पंपाने ते उचलून, फिल्टरमधून, एका बारीक नळीतून टर्बोपर्यंत न्यायचे. साध्या १५डब्ल्यू-४० आणि ५डब्ल्यू-३० या दोन ऑइलांची ४० अंशांवर तुलना केली, तर पहिले दुसऱ्याच्या दीडपटीहून जास्त घट्ट भरते. म्हणजे आपल्या उन्हाळ्यातल्या पहाटेसुद्धा पातळ ऑइल आधी पोचते. तेव्हा ‘आपल्याकडे थंडी कुठे आहे’ हा मुद्दा अर्धाच खरा.

पण याचा अर्थ सगळ्यांनी उद्या पातळ ऑइल टाकावे असाही नाही. ज्या इंजिनाची फट चाळीसच्या ऑइलवर बेतली आहे त्यात वीसचे ऑइल घातले, तर भाराखाली थर तुटेल. इंजिन ज्या आकड्यावर बेतले तो आकडा. तो लिहिलेला असतो गाडीबरोबरच्या पुस्तकात. काही पुस्तकांत हवामानाप्रमाणे दोन-तीन आकड्यांचा तक्ता असतो. असा तक्ता असेल आणि गाडी भरून चालत असेल, मागे ट्रॉली ओढत असेल, तर त्या तक्त्यातला गरम मुलखासाठी दिलेला जाड आकडा घ्यावा, असे आमचे मत आहे. तक्त्याबाहेर मात्र जाऊ नये. सेकंडहँड गाडीबरोबर पुस्तक मिळाले नसेल तर त्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरच्या स्पेअर पार्टच्या खिडकीवर गाडीचे मॉडेल आणि साल सांगा, आकडा आणि प्रत दोन्ही लिहून घ्या. ऑइल तिथूनच घेतले पाहिजे असे नाही. चिठ्ठी खिशात ठेवा.

दुसरी ओळ प्रतीची. आपल्याकडे बहुतेक डब्यांवर एपीआय असे लिहून पुढे अक्षरे असतात. एस पासून सुरू होणारी पेट्रोल इंजिनाची, सी पासून सुरू होणारी डिझेलची. डिझेलमध्ये सीएफ-४ ही १९९० ची, सीएच-४ ही १९९८ ची, सीआय-४ ही २००२ ची, सीजे-४ ही २००६ ची, सीके-४ ही २०१६ ची. अक्षर जितके पुढचे तितकी प्रत नवी. दुकानात मागच्या फळीवर अजून जुन्या प्रतीचे डबे मिळतात, स्वस्त असतात, आणि पाणी उपसायच्या जुन्या डिझेल इंजिनाला ते पुष्कळ झाले. टर्बोच्या गाडीला नाही. युरोपातल्या मोटार कंपन्यांची प्रत एसीईए या नावाने येते, तिच्यात सी-२, सी-३, ए-३/बी-४ असे लिहिलेले असते. गाडीच्या पुस्तकात जी प्रत मागितली असेल ती डब्यावर सापडली पाहिजे.

इथे २०२० नंतरच्या गाडीवाल्यांनी कान देऊन ऐकावे. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झाले. त्यानंतरच्या जवळजवळ सगळ्या डिझेल मोटारींच्या सायलेन्सरमध्ये एक जाळी बसवलेली असते, डीपीएफ म्हणतात तिला. धुरातली काजळी ती अडवते, आणि साचली, की गाडी स्वतःच जास्त उष्णता करून ती जाळून टाकते. काजळी जळते. पण राख जळत नाही. चुलीत लाकूड जळते, राख उरतेच, ती काढावीच लागते. ही राख येते कुठून? ऑइलमधून. ऑइलात इंजिन धुणारी कॅल्शियमसारख्या धातूंची द्रव्ये असतात, आणि थोडे ऑइल प्रत्येक इंजिन जाळतेच.

हिशेब करू. धरून चाला, गाडी दहा हजार किलोमीटरला एक लिटर ऑइल जाळते. एक लाख किलोमीटरला दहा लिटर, म्हणजे साधारण साडेआठ किलो. जुन्या धाटणीच्या सीआय-४ ऑइलात राखेचे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास असते. साडेआठ किलोला सव्वाशे ग्रॅमच्या वर राख. सी-३ प्रतीच्या ऑइलला राखेची मर्यादा ०.८ टक्का. म्हणजे सत्तर ग्रॅमच्या आत. जाळी तीच, राख जवळजवळ निम्मी. जाळी तुंबली, की धुराला वाट राहत नाही, टर्बोवर उलटा दाब येतो, ताकद जाते, डॅशबोर्डवर दिवा लागतो, आणि जाळीचा खर्च टर्बोपेक्षाही मोठा.

म्हणून दुकानदार जेव्हा म्हणतो, “भाऊ, हे ट्रॅक्टरलेही चालते अन् गाडीलेही,” तेव्हा विचारा, कोणत्या गाडीला? बीएस-६ च्या आधीची टर्बो डिझेल असेल आणि पुस्तकात १५डब्ल्यू-४० सीआय-४ लिहिले असेल, तर ती बादली खुशाल घ्या, ट्रॅक्टरच्या इंजिनालाही तीच मागितली असेल तर दोन्हींना वापरा. महाग डबा घेण्याची गरज नाही. सुरुवातीला म्हटले ते हेच, योग्य तेच स्वस्त असू शकते. पण जाळीच्या गाडीत ती बादली जाता कामा नये. आणि ट्रॅक्टरच्या गिअर-हायड्रॉलिकचे ऑइल कोणत्याच गाडीच्या इंजिनात नको. रंग सारखा, बादली सारखी, म्हणून आत तेच असे होत नाही.

टर्बो पेट्रोलच्या लहान गाड्याही आता गावात येऊ लागल्या आहेत. शहरात नोकरी करणारी पोरे घेऊन येतात. त्यांचे दुखणे वेगळे. काही लहान टर्बो पेट्रोल इंजिनांत कमी वेगात जोराने ॲक्सिलरेटर दाबला, की ठिणगी पडायच्या आधीच आत पेट घेतला जातो आणि पिस्टनला हातोडा बसतो. ऑइलातले कॅल्शियम जास्त असले तर हे वाढते, असे आढळले. म्हणून २०२० साली एपीआय एसपी ही प्रत आली, आणि २०२५ साली तिच्या पुढची एसक्यू. पोराच्या गाडीला ऑइल घेताना डब्यावर एसपी किंवा एसक्यू बघा, आणि आकडा पुस्तकातलाच.

सिंथेटिक घ्यावे का, हाही प्रश्न नेहमी येतो. ऑइल अडीचशे अंशांवर एक तास तापवून किती उडून जाते ते मोजायची एक परीक्षा आहे, तिला नोॲक म्हणतात. सी-३ प्रतीला तेरा टक्क्यांपर्यंतच उडायची मुभा आहे. चांगले सिंथेटिक अशा उष्णतेत कमी उडते आणि त्याचा कोळसा कमी होतो. टर्बोला याचा फायदा खरा आहे. पण पुस्तकाने मागितलेली प्रत साध्या ऑइलात मिळत असेल, आणि ते तुम्ही वेळेवर बदलत असाल, तर निव्वळ सिंथेटिक या शब्दासाठी पैसे मोजू नका. वेळेवर बदललेले साधे ऑइल दोन वर्षे चालवलेल्या सिंथेटिकपेक्षा शंभरपट बरे. ५डब्ल्यू-३० सी-३ मागितले असेल तर ते बहुधा सिंथेटिकच निघेल, तिथे निवड राहतच नाही.

ऑइल काळे झाले म्हणून घाबरणारे पुष्कळ भेटतात. डिझेलचे ऑइल काही शे किलोमीटरमध्ये काळे होते. व्हायलाच पाहिजे. धुण्याचे पाणी काळे झाले, की कपडा निघाला म्हणायचे. काजळी ऑइलात तरंगत ठेवणे हे त्याचे कामच आहे. जे हजारो किलोमीटर चालून डिझेलमध्ये पिवळे राहते, त्याची शंका घ्या.

बदलायचे कधी? पुस्तकात दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष असे काही लिहिलेले असते आणि आपण तेवढेच वाचतो. त्याखाली बारीक अक्षरांत ‘कठीण वापर’ असे कलम असते. धुळीचा रस्ता, जड ओझे, वारंवार लहान पल्ला. ही आपल्या गावाची वर्णने आहेत. तेव्हा वर्षभराची वाट न बघता अंतर निम्मे धरा, ऑइलबरोबर फिल्टरही बदला. हवेचा फिल्टर तर आणखी लवकर. कापूस वेचणीच्या दिवसांत शेतरस्त्याची धूळ फिल्टरच्या फटीतून आत गेली, की टर्बोच्या हवेकडच्या चक्राची पाती झिजतात, आणि तीच धूळ इंजिनात जाऊन ऑइलात मिसळते. वाळू मिसळलेले ऑइल कितीही भारी प्रतीचे असो.

जाळीच्या गाडीला एक सवय जास्त लावावी लागते. गाव ते बाजार एवढाच पल्ला असला, तर जाळीतली काजळी जळायचे काम अर्ध्यातच सुटते. ते काम करताना गाडी जादा डिझेल सोडते आणि त्यातले थोडे सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलात उतरते. मग ऑइलची पातळी कमी व्हायच्या ऐवजी वाढते. आपल्याला वाटते, वा, गाडी ऑइल खातच नाही! ते ऑइल नाही, डिझेल आहे. ऑइल पातळ झाले आणि टर्बोचा थरही पातळ झाला. दर आठवड्याला गाडी सपाट जागी, थंड असताना, गज काढून बघा. वरच्या खुणेच्या वर चढले असेल तर लगेच बदला, पुढच्या सर्व्हिसची वाट पाहू नका. आणि पंधरा दिवसांतून एकदा अर्धा-पाऊण तास मोठ्या रस्त्यावर एका वेगाने गाडी चालवा.

गाडी बंद करायची पद्धत तर पोरांना दटावून शिकवली पाहिजे. जिल्ह्याच्या दवाखान्यात पेशंट पोचवायला शंभरच्या वेगाने गाडी आणली, फाटकात उभी केली, चावी फिरवली. इंजिन थांबले, पंप थांबला, ऑइल थांबले. टर्बोचे गरम घर मात्र तापलेलेच. त्याची उष्णता दांड्याकडे सरकते, आत अडकलेले ऑइल तव्यावरच्या तेलासारखे करपते आणि त्याचा कोळसा नळीत चिकटतो. असे शंभर वेळा झाले, की नळी अर्धी बुजते. जोरात चालवून आल्यावर एक मिनिट गाडी नुसती चालू ठेवा, मग बंद करा. पेशंटला उतरवायला तेवढा वेळ जातोच. सकाळी सुरू केल्यावर अर्धा मिनिट ॲक्सिलरेटर दाबू नका, ऑइल वर पोचू द्या.

आमच्या भागातल्या एका भावाच्या गाडीचा टर्बो गेला. निळा धूर, शिट्टीसारखा आवाज, चढावर दम नाही. एका गॅरेजने नवा बसवून दिला, तोही चार महिन्यांत गेला. गॅरेजवाला म्हणाला, माल खराब निघाला. आमच्यातल्या मिस्त्रीने ऑइलची नळी काढून फुंकली, तर हवा जाईना. आत कोळसा. जुना टर्बो ज्याने मारला त्यानेच नवाही मारला. त्या भावाचे दोन एकर गेले. म्हणून टर्बो बदलायची वेळ आलीच, तर मिस्त्रीला आधी विचारा, जुना का गेला? ऑइलची नळी नवी टाका, ऑइल आणि फिल्टर नवे टाका, हवेची नळी आतून पुसून घ्या, आणि जुना टर्बो स्वतः हातात घेऊन बघा. कारण सांगता येत नसेल, तर त्या गॅरेजमध्ये नवा बसवू नका.

शेवटचे, बनावट मालाचे. बियाण्याच्या पाकिटावर आपण लॉट नंबर बघतो, पावती मागतो, पाकीट जपून ठेवतो. ऑइलच्या डब्यालाही तेच करा. सुटे ऑइल घेऊ नका. झाकणाचे सील, छापलेली तारीख, बॅच नंबर बघा, पक्के बिल घ्या, त्यावर आकडा आणि प्रत लिहून घ्या. गॅरेजमध्ये बदलत असाल तर डबा तुमच्यासमोर फोडायला सांगा. आणि रिकामा डबा तसाच भंगारात देऊ नका. चांगल्या कंपनीचा चांगला डबा बनावटवाल्याला हवाच असतो, त्यात जुने गाळलेले ऑइल भरून तो परत आपल्याच बाजारात येतो. खिळ्याने दोन भोके पाडा, मग द्या. काढलेले जुने ऑइल बांधावर, नाल्यात, विहिरीजवळ ओतू नका, हाताला फार लागू देऊ नका. डब्यात साठवा आणि ऑइल गोळा करणाऱ्याकडे द्या.

ज्यांनी गाडीचे पुस्तक बरोबर आणले आहे त्यांनी जेवणानंतर मंडपाच्या डाव्या बाजूला बसावे. आमच्यातले दोघे मिस्त्री तिथे असतील, प्रत्येकाला आकडा आणि प्रत लिहून देतील. ज्यांनी आणले नाही, त्यांनी मॉडेल आणि साल सांगितले तरी चालेल. त्यांची चिठ्ठी पुढच्या बैठकीत मिळेल.